मामांच्या हायड्राला हिरवा स्टिकर द्यावा का?

प्रश्न : महोदय, मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यावर काही काळ वणीकडे एका वर्कशॉपमध्ये काम केले आणि आता एका नव्या रेल्वेमार्गाच्या कामावर उपकंत्राटदाराकडे यंत्रसामग्री निरीक्षक आहे. साइटवर येणारे प्रत्येक मशीन तपासायचे, ठीक असेल तर हिरवा स्टिकर लावायचा, नसेल तर लाल, असे माझे काम आहे. माझ्या सख्ख्या मामांनी कर्ज काढून घेतलेला जुना 14 टनी हायड्रा (भार उचलून चालणारी क्रेन) आमच्याच साइटवर भाड्याने लागला आहे. या वेळच्या तपासणीत त्याच्या वायर रोपच्या (भार उचलणाऱ्या पोलादी दोराच्या) तारा तुटलेल्या दिसल्या, हुकाची लॅच (भार हुकातून निसटू न देणारी कडी) नव्हती आणि बूमला (भार उचलणाऱ्या लांब दांड्याला) खालून वेल्डिंग करून वर रंग मारलेला होता. मी लाल स्टिकर लावला. मामांकडे चार महिन्यांपूर्वीचे थर्ड पार्टी, म्हणजे बाहेरच्या तपासनिसाचे, सर्टिफिकेट आहे, म्हणून साइट इन्चार्ज म्हणतात, ‘कागद आहे ना, मग तुला काय अडचण?’ मामा घरी येऊन आईला बोलून गेले, ‘पोट्ट्याले आमी शिकवलं, अन् आता आमचंच मशीन फेल करते.’ आईही म्हणते, एवढ्याने काय होते, सही करून दे. कंपनीच्या स्वतःच्या दोन हायवांचे (माती वाहणाऱ्या टिपरांचे) रिव्हर्स हॉर्न बंद आहेत आणि त्या चालतात, हेही खरे आहे. सही करून मोकळा होऊ, की नोकरी सोडून पुण्याला जाऊ? कृपया नाव आणि मार्ग छापू नये.

उत्तर : तुमचे नाव आणि मार्ग, दोन्ही गाळले आहे. तुम्ही दोनच वाटा लिहिल्या आहेत, सही करणे किंवा नोकरी सोडणे, आणि या आठवड्यात त्यांपैकी एकही वाट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या हायड्रावर हिरवा स्टिकर लागता कामा नये, याविषयी शंका नाही; परंतु लाल स्टिकरही एकट्या तुमच्याच सहीने लागलेला राहू नये. मशीन सख्ख्या मामांचे आहे ही गोष्ट तुम्ही कार्यालयाला कधी लेखी कळवली होती का, याचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. बहुधा कळवलेली नसावी, कारण खेड्यात नाते सर्वांना ठाऊकच असते आणि ठाऊक असलेली गोष्ट कागदावर कशाला लिहायची, असे आपल्याला वाटते. पण नेमके तेच अडचणीचे आहे. तुम्ही मशीन पास केले तर भाच्याने मामाचे काम केले असे म्हणतील, आणि नाकारले तर घरातली जुनी भानगड असेल अशी कुजबुज होईल. दोन्हीकडून तुमच्या तपासणीची किंमत शून्य होते.

म्हणून पहिले काम हे की, प्लँट (यंत्रसामग्री) विभागाच्या प्रमुखांना आणि सुरक्षा अधिकाऱ्यांना एक साधे पत्र द्यावे. अमुक क्रमांकाच्या हायड्राचे मालक माझे मामा आहेत, या यंत्राच्या तपासणीत दोष आढळल्याने लाल स्टिकर लावला आहे, नात्यामुळे पुढील तपासणी दुसऱ्या अधिकाऱ्याने करावी किंवा माझ्यासोबत संयुक्तपणे करावी, एवढाच मजकूर पुरे. उपकंत्राटदाराकडे दुसरा निरीक्षक नसेल तर मुख्य कंत्राटदाराच्या किंवा प्रकल्प सल्लागाराच्या सुरक्षा अधिकाऱ्याला बोलावण्याची विनंती करावी. पत्राची पोच घ्यावी आणि प्रत घरी ठेवावी. हे पत्र मामांच्या विरोधात नाही, हे त्यांनाही समजावून सांगता येते, कारण उद्या यंत्र दुरुस्त होऊन पास झाले की ‘भाच्याने पास केले’ असे म्हणायला कुणाला जागा उरत नाही.

आता सर्टिफिकेटचा मुद्दा, कारण साइट इन्चार्जचा सगळा भर त्याच्यावर आहे. बांधकाम कामगारांसाठीच्या 1996 च्या कायद्याखाली 1998 मध्ये जे केंद्रीय नियम झाले, त्यांनी उचल यंत्रांच्या तपासणीची पद्धत घालून दिली. यंत्र प्रथम वापरात आणण्यापूर्वी, त्यानंतर किमान 5 वर्षांतून एकदा, आणि बळकटीवर किंवा स्थैर्यावर परिणाम होईल असा कोणताही बदल किंवा दुरुस्ती झाल्यास पुन्हा, सक्षम व्यक्तीकडून (अशा तपासणीसाठी मान्यता असलेल्या तज्ज्ञाकडून) त्याची भारचाचणी करून घ्यावी लागते. शिवाय किमान 12 महिन्यांतून एकदा सखोल तपासणी व्हावी लागते. 20 टनांपर्यंतच्या यंत्राला चाचणीत सुरक्षित भारापेक्षा 25 टक्के अधिक भार द्यावा लागतो. या वाक्यांतील ‘दुरुस्ती झाल्यास पुन्हा’ हे शब्द तुमच्या प्रकरणात निर्णायक आहेत. सर्टिफिकेट चार महिन्यांपूर्वीचे आहे. बूमचे वेल्डिंग कधीचे आहे? ते सर्टिफिकेटनंतरचे असेल, तर तो कागद ज्या यंत्राची ग्वाही देतो ते यंत्र आज तुमच्यासमोर उभेच नाही. ते आधीचे असेल, तर तपासणाऱ्याने वेल्डिंगची नोंद केली आहे का, हे कागदावर पाहावे. नोंद नसेल तर तेवढ्या एका कारणावरूनही फेरतपासणी मागता येते. म्हणून इन्चार्जशी ‘कागद खरा की खोटा’ असा वाद घालू नका. वेल्डिंगच्या दुकानाचे बिल मागा आणि दोन तारखा शेजारी ठेवा.

कागद आणि रोजची तपासणी यांत गल्लत होण्याचे आणखी एक कारण असे की, सर्टिफिकेट त्या दिवसापुरते बोलते आणि वायर रोप रोज झिजतो. तुम्ही ‘तारा तुटलेल्या दिसल्या’ असे लिहिले आहे. तपासणीच्या अहवालातही असेच लिहिले असेल तर ते पुरेसे नाही, आणि मामांचा राग थोडासा समजण्यासारखा आहे, कारण ‘दिसल्या’ या शब्दावर कुणाचे मशीन बंद राहावे हे कुणालाही खटकेल. किती दिसल्या, कुठे दिसल्या, हे लिहा. त्याच नियमांत मोजमाप दिलेले आहे : रोपच्या व्यासाच्या आठपट लांबीत दिसणाऱ्या तुटक्या तारा एकूण तारांच्या 10 टक्क्यांहून अधिक असल्या, तर तो रोप वापरू नये. समजा रोप 14 मिलिमीटरचा आहे, त्यात 6 पेड आणि प्रत्येक पेडात 19 तारा आहेत, म्हणजे एकूण 114 तारा झाल्या. आठपट लांबी म्हणजे 112 मिलिमीटर, जवळजवळ अर्ध्या वितीएवढी. तेवढ्या लांबीत 12 तुटक्या तारा मोजल्या की रोप बाद झाला, मग मालक मामा असो की मुख्यमंत्री.

हे मोजायचे कसे, तेही सांगतो, कारण डिप्लोमात हे कुणी हाताने करून दाखवत नाही. मशीन बंद करून चावी स्वतःच्या खिशात ठेवा. रोपवरचे जुने ग्रीस आणि धूळ डिझेलने भिजवलेल्या फडक्याने पुसून काढा, कारण काळ्या मातीची धूळ ग्रीसमध्ये बसली की तिचा लेप तयार होतो आणि तुटकी तार त्याखाली झाकली जाते. उघड्या हाताने रोप कधीही चाचपू नका, तुटक्या तारेचे टोक सुईसारखे बोटात शिरते. जाड हातमोजे घाला आणि कापसाचा बोळा रोपवरून हळू फिरवा. आपल्याकडे कापसाला तोटा नाही. जिथे बोळ्याचे धागे अडकतात तिथे खडूने खूण करा. ड्रमवर जिथे रोप एका थरावरून दुसऱ्या थरावर चढतो, बूमच्या टोकाच्या पुलीवरून जो भाग सतत वळतो आणि जिथे रोपचे टोक बांधलेले असते, या तीन जागी प्रथम पाहा. व्यास मोजताना व्हर्नियरचे जबडे पेडांच्या उंचवट्यांवर टेकले पाहिजेत, दोन पेडांमधल्या खाचेवर नव्हेत. नाहीतर झिजलेला रोप आहे त्याहून बारीक मोजला जातो आणि मालकाला तुमच्याशी भांडायला योग्य कारण मिळते. खुणा केलेल्या भागाचा पट्टीसह फोटो काढून अहवालाला जोडा. असा अहवाल पाहून इन्चार्जला ‘तुला काय अडचण’ असे विचारणे बरेच जड जाईल.

हुकाच्या लॅचबद्दल फारसे लिहिण्याजोगे नाही. ती स्वस्त असते आणि बसवायला वेळ लागत नाही, म्हणून त्यावर चर्चाही करू नये.

बूमच्या वेल्डिंगचे मात्र गांभीर्य वेगळे आहे आणि तिथेच मला या प्रकरणाची सोडवणूक दिसते. हायड्राच्या बूमला खालून चीर का पडते? हे यंत्र भार उचलून पुढे चालण्यासाठी बनवलेले आहे, ओढण्यासाठी नव्हे. रेल्वेच्या कामावर मात्र त्याला सर्रास ओढायला लावतात. दर मीटरला 60 किलो भरणाऱ्या रुळाचा 13 मीटरचा तुकडा साधारण 780 किलोचा असतो, काँक्रीटचा एक स्लीपर सुमारे 285 किलोचा. ‘14 टनी’ हे नाव ऐकून प्रत्येकाला हे वजन किरकोळ वाटते. पण 14 टन ही क्षमता बूम आखूड असताना, भार अगदी जवळ असताना आणि गाडी सरळ उभी असताना असते. बूम बाहेर काढला, गाडी मधून वळवली, की लोड चार्टवरचा (भारमर्यादेच्या तक्त्यावरचा) आकडा झपाट्याने खाली येतो. त्यातून रूळ ढिगाखालून तिरपा ओढला, तर रोप उभा राहत नाही, बूमला बाजूने ताण बसतो आणि तो ताण सोसण्याची त्याची रचनाच नसते. तीच चीर पुढे वाढते, तिच्यावर गावातला वेल्डर सळई फिरवतो, उष्णतेने आजूबाजूचे पोलाद आणखी नाजूक होते, वरून पिवळा रंग मारला की सगळे झाकले जाते.

आता विचार करा, ही ओढाओढ कुणी करायला लावली? मामांनी नव्हे, ताशी भाड्यावर मशीन घेऊन त्याच्याकडून दोन कामे करून घेणाऱ्या साइटने. म्हणजे मामांचे कर्जाचे मशीन साइटवर खराब झाले, आणि आता त्याच साइटचे इन्चार्ज मामांना म्हणतात की भाचा अडवतो. हे मामांना कुणीतरी नीट सांगायला हवे, आणि ते सांगण्यास तुमच्याइतका योग्य माणूस दुसरा नाही. लाल स्टिकरच्या अहवालात ‘संभाव्य कारण : भार बाजूने ओढणे’ असे लिहा आणि हायड्राने रूळ किंवा स्लीपर ओढण्यास लेखी मनाई व्हावी, अशी शिफारस करा. भाड्याच्या करारात चुकीच्या वापरामुळे झालेल्या नुकसानीविषयी काही कलम आहे का, ते मामांना वाचून दाखवा. बूमची दुरुस्ती निर्मात्याच्या अधिकृत सेवा केंद्राच्या पद्धतीनुसार व्हावी, वेल्डिंगवर लाल डाय (चिरेत शिरणारा रंगद्रव) वापरून किंवा चुंबकीय पद्धतीने चीर तपासली जावी आणि त्यानंतर भारचाचणी व्हावी. याला खर्च येतो आणि मशीन काही दिवस उभे राहते, हे खरे आहे. पण हप्ते भरत असलेल्या माणसाला ‘मशीन फेल’ एवढेच सांगणे आणि ‘काय केल्यास, कुणाकडे केल्यास, कोणत्या कागदानंतर ते पुन्हा चालू होईल’ हे सांगणे यांत फार अंतर आहे. तुम्ही पहिले केलेत, दुसरे अजून राहिले आहे.

मामांशी बोलायला साइटवर जाऊ नका आणि आईला मध्ये घालू नका. सकाळी त्यांच्या घरी जा. बोलताना कायद्यापासून सुरुवात करू नका. बैलबाजारात जोडी घेताना ते दात पाहतात, खांदा दाबून पाहतात, दहा पावले चालवून पाहतात आणि विकणारा त्याला अपमान मानत नाही. मशीनची तपासणी त्याच जातीची आहे, एवढे त्यांच्या भाषेत सांगा. आणि हायड्राखाली कोण उभे असते, हेही विचारा. जुन्या धाटणीच्या हायड्रात चालकाला बूममुळे समोरचे नीट दिसत नाही, म्हणून हेल्पर लोंबकळता रूळ हाताने धरून सोबत चालतो. तो पोरगा बहुधा त्यांच्याच गावचा किंवा शेजारच्या गावचा असेल. भाराला हात न लावता लांब दोरीने सावरायचे, हा नियम मामांनी स्वतःच्या चालकाला घालून दिला तर तुमच्या दहा स्टिकरांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

तुमच्या पत्रातील कंपनीच्या हायवांचे वाक्य मी दोनदा वाचले. या सगळ्या प्रकरणात मामांची बाजू कुठे बळकट असेल तर ती तिथे आहे. रिव्हर्स हॉर्न बंद असलेली हायवा भरावावर मागे येते तेव्हा मागे उभ्या असलेल्या मजुराला वाचवणारी दुसरी कोणतीच गोष्ट नसते, आणि त्या गाड्यांवर तुमचाच हिरवा स्टिकर असेल तर गावाने तुमच्या लाल स्टिकरवर विश्वास ठेवावा अशी अपेक्षा करता येणार नाही. नियम फक्त भाड्याच्या मशीनला आणि गावच्या माणसाला लागतो, हा राग विदर्भातल्या प्रत्येक मोठ्या कामावर ऐकू येतो आणि पुष्कळदा तो खरा असतो. तेव्हा मामांकडे जाण्यापूर्वी त्या दोन हायवा तपासून लाल करा. इन्चार्ज चिडतील. चिडू द्यावे, त्याच दिवशी हॉर्न बसवले जातील, कारण हॉर्नचा खर्च गाडी उभी ठेवण्यापेक्षा कमी असतो. तसेच भाड्याने लागणाऱ्या सर्व मालकांना एक पानाचा मराठी तक्ता आगाऊ द्या, ज्यात कोणत्या गोष्टी पाहिल्या जातील आणि कोणत्या मोजमापाला मशीन नाकारले जाईल हे लिहिलेले असेल. पोकलेनवाला असो, जेसीबीवाला असो की रोलरवाला, तपासणीच्या आदल्या रविवारी घरच्या घरी मशीन पाहून घेईल. मामांनाही तोच तक्ता द्या, वेगळा नको.

साइट इन्चार्जच्या तोंडी आदेशाचे काय करावे, हा प्रश्न तुम्ही थेट विचारलेला नाही, पण तो आहेच. तोंडी सांगितले की त्याच दिवशी नम्र भाषेत ईमेल किंवा पत्र पाठवावे : ‘आपण आज अमुक हायड्रा चालू ठेवण्यास सांगितले, सोबतच्या अहवालातील दोषांमुळे मी ते प्रमाणित करू शकत नाही, आपला लेखी निर्णय कळवावा.’ बहुतेक वेळा लेखी निर्णय येत नाही आणि मशीन बाजूला उभे केले जाते. ही युक्ती नव्हे, तुमच्या पदाचा तोच अर्थ आहे. 2023 मध्ये समृद्धी महामार्गाच्या शहापूरजवळील कामावर गर्डर बसवणारे अवजड यंत्र कोसळून 20 जण मृत्युमुखी पडले. अशा घटनेनंतर चौकशीत प्रथम उघडली जातात ती तपासणीची पाने, आणि त्यावर सही असते निरीक्षकाची, तोंडी सांगणाऱ्याची नव्हे. हे मी तुम्हाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही; आईला ‘एवढ्याने काय होते’ याचे उत्तर द्यायचे असेल तर ते या एका घटनेत आहे.

नोकरी सोडण्याविषयी. पुण्याला किंवा नागपूरला गेल्याने मामा सुटतील, इन्चार्ज सुटणार नाहीत. ते तिथे दुसऱ्या नावाने असतात. तेव्हा पळून जाण्यासाठी जाऊ नका, शिकण्यासाठी जायचे असेल तर जरूर जा. तुमच्याकडे डिप्लोमा आहे. महाराष्ट्र राज्य तंत्र शिक्षण मंडळाचा औद्योगिक सुरक्षेचा प्रगत पदविका अभ्यासक्रम, तसेच डाय आणि चुंबकीय पद्धतीने चीर शोधण्याचे प्रशिक्षण, या दोन गोष्टींनी तुमच्या सहीचे वजन पुष्कळ वाढेल. पुढे पात्रता आणि अनुभव जमल्यावर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडून सक्षम व्यक्ती म्हणून मान्यता मिळवण्याचा मार्गही मोकळा असतो. रेल्वेच्या कामाचा अनुभव त्यात मोलाचा ठरतो, कारण साध्या बांधकामावर न लागणाऱ्या गोष्टी इथे रोज पाहाव्या लागतात : चालू रुळाच्या मध्यापासून 3.5 मीटरच्या आत यंत्राचा कोणताही भाग येऊ नये, 3.5 ते 6 मीटरदरम्यानचे काम रेल्वेच्या अधिकृत कर्मचाऱ्याच्या उपस्थितीतच व्हावे, 25 हजार व्होल्टच्या तारेपासून बूम 2 मीटर दूर राहावा. त्यात आपल्या काळ्या मातीची भर घाला. पावसाळ्यात कोरडी दिसणारी वरची पापडी खाली ओली असते आणि भरावाच्या कडेला उभे केलेले निर्दोष मशीनही एका चाकाने खचून कलंडते. म्हणून मशीनसोबत त्याखालची जमीनही अहवालात लिहायला शिका, हे पुण्याच्या साइटवर कुणी शिकवणार नाही.

हातचे काम मात्र आधी. सोमवारी नात्याचे पत्र द्यावे आणि त्याच दिवशी दोन्ही हायवा तपासाव्या. त्यानंतर दुसऱ्या अधिकाऱ्यासोबत रोप मोजून फोटोसह सुधारित अहवाल सादर करावा आणि मगच मामांकडे जावे. जाताना अहवालाची एक प्रत त्यांच्यासाठी घेऊन जा, आणि निघण्यापूर्वी वेल्डरचे बिल मागून घ्या. ती तारीख मामांनाही लागणार आहे, साइटकडून दुरुस्तीचा खर्च मागण्यासाठी.